आप्पांचं ‘कळ्ळं’

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एका पेनीला आठ पानं दरोडेखोर मिळायचा. दर आठवड्याला आठ पानं. वर लाकडी ठशाचं काळंकुट्ट चित्र: घोडा, पिस्तूल आणि बग्गीतून किंचाळणारी बाई. ठसे कोरायला महाग पडत, म्हणून तोच घोडा आणि तीच बाई पुढच्या दरोडेखोरालाही वापरत. बाई दोन्हीकडे तेवढीच किंचाळते. या विषयावर मी सात वर्षं पीएचडी करते आहे. हाच विषय का, असं लोक विचारतात. आवडतो म्हणून, असं मी सांगते. त्यावर ते विचारतात, घरी स्वयंपाकाला कोण असतं.

मी बंगळूरमध्ये बेळ्ळंदूरला राहते आणि कोरमंगलातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याजवळ असतात. मूळचे निपाणीकडचे. विशीत बंगळूरला आले आणि पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात एका लहानशा वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं लेथपुढे उभे राहिले. घरी मराठी, बाहेर कन्नड, साहेबाशी हात जोडून जमेल ते. लेथनं त्यांचे कान नेले. त्यामुळे आता ते “मीठ दे” म्हणाले की खालच्या मजल्यावर मीठ काढतात. स्वभावानं अतिशय कायदेशीर माणूस. रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला पायी चालतानासुद्धा थांबतात आणि मागचे लोक त्यांना शिव्या घालतात.

माझ्या गाइडबाईंनी तिसरं प्रकरण परत पाठवलं. समासात शेरा होता: हे तुम्हाला तरी कळलं आहे का? खाली सल्ला होता, की इंग्रजी न येणाऱ्या माणसाला हे आपल्या भाषेत समजावून सांगा. त्याला कळलं ते ठेवा, बाकीचं काढा. इंग्रजी न येणारा आणि माझं ऐकून घेणारा असा एकच माणूस माझ्या ओळखीत होता.

वेळेचीही सोय होती. कॉलेजातून घरी यायला मला दीड तास लागतो. त्यातला एक तास कॅब बेळ्ळंदूरच्या अलीकडे नुसती उभी असते. तेवढ्यात फोनवर एखाद्याला फाशी देऊन होते. घरात फोनला रेंज नाही, म्हणून आप्पा पाचच्या ठोक्याला चहाचा थर्मास आणि दोन कप घेऊन खाली गेटजवळच्या बाकावर येऊन बसायचे आणि फोनचा स्पीकर लावायचे.

दुसरा कप गार्डचा. गार्ड तुमकूरकडचे, पन्नाशी उलटलेले, मराठीचा एक शब्द न येणारे. आप्पांना ‘अज्जा’ म्हणत, म्हणजे आजोबा, मला ‘अक्का’. गाडीवाल्यांना काहीच म्हणत नसत, नुसतं गेट उघडत. चहा मात्र प्लास्टिकच्या खुर्चीत नीट बसून, दोन्ही हातांनी कप धरून पीत. आप्पा त्यांच्याशी कन्नडमध्ये गुडघ्यांबद्दल बोलत आणि मग माझा फोन आला की मराठीत शिरत.

‘आउटलॉ’ला मराठीत काय म्हणायचं यातच पहिले दोन दिवस गेले. ‘बंडखोर’ म्हटलं की निवडणुकीत तिकीट न मिळालेला डोळ्यांसमोर येतो. ‘दरोडेखोर’ म्हटलं की एकट्याचं भागत नाही, टोळी लागते. ‘फरारी’ला घोडा शोभत नाही. शेवटी मी म्हटलं, पूर्वी तिकडे कोर्ट एखाद्याला कायद्याच्या बाहेर काढायचं. मग त्याला कोणी मारला तरी विचारणारं कोणी नाही.

“म्हंजे गेजात न बसलेला,” आप्पा म्हणाले. “रिजेक्ट.”

लेथवर केलेला प्रत्येक नग मापाच्या गेजात घालून बघतात. बसला तर पुढे, नाही बसला तर लाल डब्यात.

“रिवर्क न्हाई का त्याला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“वाईट हाय.”

सात वर्षांत मला एवढी नेमकी व्याख्या सापडली नव्हती. तिला तळटीप कशी द्यायची हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

प्रत्येक परिच्छेदानंतर मी विचारायची, “कळलं?” आणि आप्पा बाकावरून गर्जायचे, “कळ्ळं! कळ्ळं!”

आमच्या निपाणीकडे सगळे ‘कळ्ळं’च म्हणतात. मीही म्हणायची. एमएला पुण्याला गेले आणि होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून ‘कळ्ळं’ गेलं. खोलीतल्या तिघी हसून हसून गादीवर आडव्या झाल्या. वाईट नव्हत्या हो मुली. पण पुढे महिनाभर मला हाकच ‘ए कळ्ळं’ अशी. दोन वर्षांत मी जीभ घासूनपुसून लख्ख केली आणि परत आल्यावर आप्पांची घासायला घेतली. “कळ्ळं नाही आप्पा, कळलं.” “त्येच की.” “तेच नाही!” कॉलेजातलं कोणी घरी आलं आणि आप्पा ‘कळ्ळं’ म्हणाले की माझे कान तापायचे. मला माझ्या बापाच्या बोलण्याची लाज वाटायची, हे एकदाचं लिहूनच टाकते. ते बिचारे शिकले. चारचौघांत आधी थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि जीभ जपून टेकवत ‘क-ळ-लं’ म्हणायचे. फोनवर मी एकटीच असायची, म्हणून तिथे जुनंच चालायचं.

तिसरं प्रकरण खोट्या आरोपाबद्दल होतं. या गोष्टींत दरोडेखोर जन्मतः दरोडेखोर नसतो. तो सरळमार्गी असतो, आणि कोणीतरी नतद्रष्ट काका त्याच्या पेटीत चांदीचा चमचा ठेवतो. सगळं गाव चोर म्हणतं. मग हा म्हणतो, चोर तर चोर, आणि घोड्यावर टांग टाकतो. पुढे तो अतिशय सभ्यपणे लुटतो. बाईची अंगठी काढून घेतो, तिच्या हाताचं चुंबन घेतो, आणि अंगठी आईची आठवण आहे असं कळलं तर परतही देतो.

“घोडा कुणाचा?” आप्पांनी विचारलं.

“काकाचा.”

“मग आता झाला की खराच चोर.”

मी सांगितलं, लिहिणाऱ्यांना ओळीवर पैसे मिळत. म्हणून पात्रं ‘कोण?’, ‘मी!’, ‘तू?’, ‘होय, मी!’ अशी एकेका ओळीत बोलतात. “पीसवर्क,” आप्पा म्हणाले आणि त्या अनाम लेखकांबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटू लागली. फाशीच्या दिवशी कैद्याचं शेवटचं भाषण छापून विकायचे, आणि ते कैदी बोलायच्या आतच छापून तयार असायचं, हे ऐकल्यावर मात्र ते तापले. “चोर सोडून संन्याशाला फाशी! पोलीस काय करत व्हते? झोपले व्हते?” असं काठी उगारून ओरडले. बाकावरून उगारलेली काठी गेटकडे जाते. गेटपाशी गार्ड चहा पीत होते.

याच सुमारास गेटवरच्या खोलीतून कोणाचा तरी एअर फ्रायर नाहीसा झाला. खोकं आलं होतं, रजिस्टरमध्ये सही होती, खोकं नव्हतं. दोन दिवस सोसायटीच्या ग्रुपवर कॅमेरे, रजिस्टर, शिस्त वगैरे झालं. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा मजकूर आला. त्यांची स्वयंपाकघराची खिडकी बरोबर बाकाच्या वर उघडते. त्यांनी लिहिलं होतं, की चारशे दोनचे अंकल, म्हणजे आप्पा, गेले बारा दिवस रोज पाच वाजता गार्डकडे काठी रोखून ‘कळ्ळ, कळ्ळ’ असं ओरडून सांगत आहेत, आणि आपण सगळे कान बंद करून बसलो आहोत. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग लागली होती.

कन्नडमध्ये ‘कळ्ळ’ म्हणजे चोर.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्म या भाषेच्या शेजारात गेला. आप्पा तर दोन्ही भाषा सत्तर वर्षं बोलताहेत. पण एक शब्द घरातला, एक बाहेरचा. दोघं एकाच तोंडात राहिले आणि कधी समोरासमोर आले नाहीत. मी भाषेची प्राध्यापक. डोंबलाची प्राध्यापक! बारा दिवस कॅबमध्ये बसून रोज चोर चोर ऐकत होते आणि मला खटकत काय होतं, तर उच्चार.

सोसायटीत एव्हाना गार्डबद्दल ‘कळ्ळ अंते’ झालं होतं. ‘अंते’ म्हणजे आपलं ‘म्हणे’. चोर, म्हणे. कोण म्हणे, हे ना कन्नडमध्ये कोणी विचारत ना मराठीत. सेक्रेटरींना मी फोन केला. ते बँकेतून निवृत्त झालेले, सौम्य गृहस्थ. म्हणाले, रविवारी अकराला मीटिंग आहे, तिथे सांगा; पण गार्डच्या कंपनीचं पत्र तयार आहे. चोरीच्या संशयावरून सोमवारपासून कामावरून कमी. असं पत्र हातात पडलेल्या माणसाला या शहरात दुसरं गेट मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच ताटात ठेवला.

“माज्या तोंडानं त्याची भाकरी घालवली व्हय गं?”

“काही नाही आप्पा, साधा गैरसमज आहे. मी समजावून सांगते.”

“दोन दिस चहाला येईना झालाय,” ते म्हणाले. “मला वाटलं गुडघं दुखत्यात.”

रविवारी क्लबहाउसमध्ये टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावून मीटिंग भरली. आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, खिशाला पेन. गार्डना दारात उभं केलं होतं, टोपी हातात. आप्पांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनी टोपीकडे बघितलं.

मी उभी राहिले आणि वर्गात बोलते तसं बोलले. मराठीत ‘कळणं’ म्हणजे समजणं. सीमाभागात त्याचा असा असा उच्चार होतो. वडील फोनवर माझ्याशी बोलत होते, गार्डशी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सज्जन बाई आहेत. आषाढात आम्हाला फणसाचे गरे पाठवतात.

“मला मराठी येत नाही, हिंदी येते,” त्या म्हणाल्या. “पण अंकल फक्त कळ्ळ नाही म्हणाले. चोर म्हणाले. पोलीस म्हणाले. फाशी म्हणाले. काठी पण दाखवली.”

“ते इंग्रजी साहित्य होतं,” मी म्हटलं.



सेक्रेटरी न्यायाचे. म्हणाले, वाद कशाला, अंकलनाच म्हणू दे तो शब्द. कसा ऐकू येतो ते सगळे ऐकतील. मला बरं वाटलं. पण आप्पा उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढला, थांबले, आणि माझ्याकडे बघितलं. चारचौघे होते. साठ-सत्तर माणसं होती.

“क-ळ-लं,” आप्पा म्हणाले.

असा स्वच्छ ‘कळलं’ मी पुण्यातही ऐकला नाही. ‘ळ’ वेगळा, ‘ल’ वेगळा, वर अनुस्वाराची टिकली. माझ्या पंचवीस वर्षांच्या मेहनतीचं फळ सगळ्या सोसायटीसमोर उभं होतं.

“हा नाही,” बाई म्हणाल्या. “हा दुसरा शब्द आहे.” आणि त्यांचं बरोबर होतं.

“पुन्हा म्हणा, अंकल.”

“कळलं,” आप्पा म्हणाले. आणखी शुद्ध. त्यांना वाटत होतं, जितकं नीट म्हणू तितका तो माणूस सुटेल. “कळलं. कळलं.” कपाळावर घाम आला होता. सेक्रेटरींनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. दारात गार्डनी टोपी घातली, निघायचं ठरल्यासारखी.

मग माझं डोकं फिरलं.

“आप्पा! कशाला श्यानपना करालाय?” मी ओरडले. “त्या मानसाची नोकरी चाललीया हितं! तुमास्नी कळ्ळं न्हाई व्हय?”

हा आवाज माझा होता. निपाणीच्या बाजारात वांगी निवडणाऱ्या माझ्या आईचाही होता. पंचवीस वर्षं तो कुठे बसला होता कोण जाणे. आप्पा गर्रकन वळले. लेक चारचौघांत अंगावर आल्यावर बाप जसा चिडेल तसे चिडले, आणि मीठ मागायच्या आवाजात म्हणाले:

“कळ्ळं की गं! कवाच कळ्ळं! वरडालीस कशाला?”

टेबल टेनिसचं टेबल हादरलं असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा हात तोंडाकडे गेला.

“इदे,” त्या म्हणाल्या. हेच. “हेच रोज ऐकत होते.” मग मला विचारलं, “आणि हे ते तुम्हाला म्हणत होते?”

“मला.”

“समजलं असं?”

“समजलं असं.”

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि गार्डना कन्नडमध्ये म्हणाल्या, की चूक माझी झाली. सगळ्यांसमोर म्हणाल्या. हे मला जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. सेक्रेटरींनी कागदावरचं खोडून लिहिलं: भाषेचा विषय, बंद. एअर फ्रायर तीन आठवड्यांनी बी विंगमधल्या एका गृहस्थांकडे सापडला. त्या गृहस्थांना तो जावयानं पाठवला असं वाटलं होतं, आणि जावयानं नाही म्हटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी गार्डना गाठलं. मला त्यांचा थोडा रागच आला होता. म्हटलं, बारा दिवस रोज तोंडावर चोर म्हणतंय कोणी, तर विचारायचं नाही का? भांडायचं नाही? त्यांनी थोडा विचार केला.

“अक्का, बारा तासांची ड्युटी,” ते म्हणाले. “येणारा-जाणारा काहीतरी म्हणतोच. चहा अज्जाच द्यायचे.”

घरी येऊन मी तिसरं प्रकरण उघडलं. त्यात माझं एक लाडकं वाक्य होतं: खोट्या आरोपानंतर माणसापुढे दोनच रस्ते उरतात, फास किंवा घोडा. गाइडबाईंनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली होती. मी ते काढून टाकलं. तिसऱ्या रस्त्यावर प्लास्टिकची खुर्ची असते आणि येणाऱ्या गाडीला गेट उघडावं लागतं, हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला सुचेना, म्हणून जागा तशीच ठेवली.

आप्पांनी मात्र तो शब्द टाकला. सोडलाच म्हणा. बाकावर पाचला जायचे, दोन कप भरायचे, स्पीकर लावायचे. गार्डही पुन्हा खुर्ची ओढून बसायला लागले होते. पण मी परिच्छेद संपवून विचारलं की पलीकडे शांतता. “आप्पा, ऐकताय ना?” शांतता. मान हलवत असणार. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे त्यांना चारदा सांगितलं. घरी म्हणाले, “नगं बाई. एकदा जीभ घसरली त्येवढं बास.” मी म्हटलं, जीभ घसरली नव्हती, तुमचीच होती. त्यावरही मान हलवली. मला फार वाईट वाटलं. ज्या शब्दासाठी पंचवीस वर्षं त्यांच्या मागे लागले होते तो गेला, आणि आता कॅबमध्ये बसून मी त्याचीच वाट बघत होते.

मागच्या आठवड्यात शेवटचा भाग वाचला. फासाची दोरी तुटते, गर्दी ओरडते, आणि दरोडेखोर त्याच जुन्या ठशातल्या घोड्यावर बसून निघून जातो. कारण मागणी चांगली होती आणि मालकाला अजून आठ पानं हवी होती. कॅब उभीच होती. पुढे बस, मागे बस.

“आप्पा,” मी विचारलं, “कळ्ळं?”

हल्ली मी असंच विचारते. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. पलीकडे शांतता. कप ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा.

“अक्का,” फोनवर गार्ड बोलत होते, कन्नडमध्ये. “अज्जा मान हलवताहेत.”

जरा थांबले. हसू दाबत असावेत.

“कळ्ळ अंते.”